टाकलेल्या चोथ्यातलं रेडियम : मादाम क्यूरी



मागच्या आठवड्यात विज्ञानाच्या तासाला गुरुजींनी मीठ आणि वाळू एकत्र करून दिली व दोन्ही वेगळी करायला सांगितली. मी ते पाण्यात ढवळलं, फडक्यातून गाळलं, वाळू कागदावर काढली आणि खालचं पाणी बागेत ओतून दिलं. मग मीठ शोधायला लागले! ते तर पाण्यात विरघळून गेलं होतं. सगळा वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मला कपाटातून मादाम क्यूरींचं चरित्र काढून दिलं. ते वाचून हे लिहिते आहे.

मादाम क्यूरींचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधील वॉर्सा शहरात झाला. माहेरचं नाव मारिया स्क्लोडोव्स्का. वडील शिक्षक होते. आई गेली तेव्हा त्या अवघ्या दहा वर्षांच्या होत्या. तेव्हा पोलंडवर रशियाचं राज्य होतं आणि तिथल्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. त्यांनी लोकांच्या घरी राहून मुलांना शिकवलं आणि त्या पैशावर थोरल्या बहिणीला पॅरिसला डॉक्टर व्हायला मदत केली. स्वतः १८९१ साली पॅरिसला गेल्या. १८९५ मध्ये शास्त्रज्ञ पिएर क्यूरी यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

आता माझ्या चुकीशी जुळणारा भाग सांगते. पिचब्लेंड नावाचा एक काळा खनिज दगड आहे. त्यातून युरेनियम काढून घेत आणि उरलेला चोथा खाणीजवळच्या जंगलात फेकून देत. युरेनियममधून न दिसणारे किरण निघतात, हे १८९६ मध्ये कळलं होतं. पण पिचब्लेंडमधून त्याहून जास्त किरण येतात, हे मादाम क्यूरींनी मोजून पाहिलं. म्हणजे आत आणखी काहीतरी असणार! १८९८ साली नवराबायकोंनी दोन नवी मूलद्रव्यं जाहीर केली. एकाला मायदेशावरून पोलोनियम नाव दिलं, दुसरं रेडियम. पण रेडियम हातात घेऊन दाखवायचं राहिलं होतं.

मग तो फेकलेला चोथा पोत्यांतून पॅरिसला आला. त्यात पाइन झाडांच्या काड्याही होत्या. जागा म्हणजे एक गळकी शेड. आमच्या घरी आई जे रोज करते तेच तिथे चाललं होतं : कुटणं, उकळणं, ढवळणं, गाळणं, निवळू देणं. फक्त भांडी मोठी. एका वेळी वीस किलोपर्यंत माल असे आणि ढवळायची लोखंडी सळई जवळजवळ त्यांच्याच उंचीची.

गाळल्यावर गाळ ठेवायचा की पाणी, हे डोळ्यांना कळत नव्हतं. म्हणून त्या दोन्हींचे किरण यंत्रावर मोजत आणि ज्यात जास्त किरण तो भाग पुढे नेत. मोजल्याशिवाय काही टाकत नसत. (इथे मला माझं बागेत ओतलेलं पाणी आठवलं.) शेवटी रेडियमबरोबर बेरियम उरलं. दोघं स्वभावानं इतकी सारखी की गाळून सुटेनात. मग त्यांचे क्षार गरम पाण्यात विरघळवून थंड होऊ द्यायचे, खडीसाखरेसारखे स्फटिक धरले की ते घ्यायचे, कारण रेडियम त्यात जास्त उतरतं. पुन्हा विरघळवायचं, पुन्हा थंड करायचं. अशी जवळजवळ चार वर्षं गेली. १९०२ साली, टनांनी चोथा उपसल्यावर, रेडियमचा शुद्ध क्षार मिळाला तो एक दशांश ग्रॅम, म्हणजे सोनाराच्या एका गुंजेहूनही कमी! रात्री शेडमध्ये त्याच्या नळ्या अंधारात उजळत.

१९०३ मध्ये दोघांना बेकेरेल यांच्यासह भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. रेडियम काढण्याच्या कृतीचं त्यांनी पेटंट घेतलं नाही. १९०६ मध्ये पिएर घोडागाडीखाली सापडून वारले. पदरी दोन मुली होत्या. तरी काम थांबलं नाही. १९११ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या मादाम क्यूरींना मिळालं.

त्या किरणांनी शरीराला अपाय होतो हे सुरुवातीला कोणाला नीट ठाऊक नव्हतं. पुढे त्यांच्या अंगात रक्त तयार होणंच मंदावलं आणि ४ जुलै १९३४ रोजी त्या वारल्या. त्यांच्या वह्यांतून आजही किरण निघतात, म्हणून त्या पॅरिसमध्ये शिशाच्या पेट्यांत ठेवल्या आहेत. 

मी काल पुन्हा मीठ-वाळू गाळली. पाणी ताटलीत घालून खिडकीत उन्हाला ठेवलं आहे. कडेला पांढरं दिसू लागलंय. पालकांनी बघावं, पण कृपया हात लावू नये.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी