ट्रॅक्टरवाल्या फर्ग्युसननं चारही चाकांना ताकद द्यायचा नाद धरला, अन् त्याच्या माघारी गाडीनं फॉर्म्युला वनची रेस मारली

गावाकडं कुणाच्याही शेतात जा. ट्रॅक्टरच्या मागं नांगर, रोटाव्हेटर किंवा पेरणीयंत्र ज्या तीन दांड्यांना जोडलेलं दिसतं, ती जोडणी ज्याच्या नावावर आहे त्या माणसाचं नाव हॅरी फर्ग्युसन. मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरवरचा फर्ग्युसन तो हाच.

पण आजचा विषय ट्रॅक्टरचा नाही. ज्यांना पळणाऱ्या गाड्यांचा नाद आहे, त्यांच्यासाठीही या माणसानं एक मोठं काम करून ठेवलंय. आज कुठलीही महागडी परफॉर्मन्स कार ऑल व्हील ड्राइव्ह म्हणून मिरवते, तेव्हा इंजिनाची ताकद चारही चाकांत कशी वाटायची या प्रश्नाशी ती झुंजत असते. हा प्रश्न फर्ग्युसननं सत्तरहून जास्त वर्षांपूर्वी हातात घेतला होता.

शेतकऱ्याचं पोरगं, ज्याला शेती आवडायची नाही

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा. आयर्लंडमधल्या काउंटी डाउनमध्ये, ग्रोवेल नावाच्या ठिकाणी घरची शेती होती. वडील कडक धार्मिक शिस्तीचे. हॅरीला ना ती शिस्त मानवायची, ना शेतातली ढोरमेहनत. १९०२ साली तो बेलफास्टला भाऊ जो याच्या सायकल आणि मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये कामाला लागला.

तिथं गड्याला यंत्रांची गोडी लागली. मोटारसायकल आणि गाड्यांच्या शर्यतीत उतरायला लागला. तेवढ्यानं भागेना, म्हणून त्यानं स्वतःचं विमान बनवलं. ३१ डिसेंबर १९०९ ला हिल्सबरोमध्ये ते विमान उडवलंही. अंतर होतं साधारण १२० मीटर. पण आयर्लंडमध्ये विमान उडवणारा पहिला माणूस म्हणून त्याचं नाव लागलं. वय होतं पंचवीस.

१९११ मध्ये त्यानं बेलफास्टमध्ये स्वतःचा मोटारींचा धंदा टाकला. पुढं पहिलं महायुद्ध सुरू झालं. अन्नधान्य वाढवायचं म्हणून सरकारला ट्रॅक्टर हवे होते. ते विकता विकता, चालवता चालवता हॅरीच्या एक गोष्ट लक्षात आली. तेव्हाचे ट्रॅक्टर माणसं मारत होते.

कारण असं होतं की, नांगर ट्रॅक्टरच्या मागं गाडा ओढावा तसा साखळीनं किंवा हुकानं जोडलेला असायचा. फाळ दगडात अडकला की नांगर जागेवर थांबायचा, पण मागची चाकं फिरतच राहायची. मग ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर उचललं जायचं आणि तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा.

यावर हॅरी आणि त्याचा सहकारी विली सँड्स यांनी तोडगा काढला. नांगर खालून दोन आणि वरून एक अशा तीन ठिकाणी ट्रॅक्टरला जोडायचा आणि हायड्रॉलिकनं उचलायचा. अशी जोडणी केली की नांगराचा जोर ट्रॅक्टरला उलटवण्याऐवजी त्याची चाकं जमिनीवर दाबून धरतो. म्हणजे हलका ट्रॅक्टरही जड काम ओढतो. याच थ्री-पॉइंट लिंकेजवर जगभरातले ट्रॅक्टर आजही चालतात.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी कहाणी याच विचारावर उभी आहे. इंजिन किती दणकट आहे यापेक्षा त्याची ताकद जमिनीपर्यंत कशी पोचते, याला महत्त्व आहे.

हेन्री फोर्डशी हात मिळवला आणि मग कोर्टात गेला

१९३६ मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड ब्राउनसोबत फर्ग्युसनचा ट्रॅक्टर बाजारात आला. डेव्हिड ब्राउन म्हणजे गिअर बनवणाऱ्या घराण्यातला माणूस. पुढं १९४७ मध्ये यानंच ॲस्टन मार्टिन विकत घेतली. ॲस्टन मार्टिनच्या डीबी५ मधलं डीबी म्हणजे हाच डेव्हिड ब्राउन.

दोघांचं फार काळ पटलं नाही. १९३८ मध्ये हॅरी अमेरिकेला गेला आणि त्यानं हेन्री फोर्डला आपला ट्रॅक्टर चालवून दाखवला. फोर्ड इतका खूश झाला की दोघांनी कागदावर काही न लिहिता फक्त हात मिळवून करार केला. १९३९ मध्ये या जोडीचा ट्रॅक्टर आला आणि जोरात चालला.

पण म्हाताऱ्या फोर्डनंतर कारभार नातवाकडं, हेन्री फोर्ड दुसरा याच्याकडं गेला. त्यानं १९४७ मध्ये हा तोंडी करार मोडला, वर हॅरीच्या कल्पना वापरून स्वतःचा ट्रॅक्टरही काढला. हॅरीनं फोर्ड कंपनीवर २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला. १९५२ मध्ये तडजोड झाली आणि त्याला ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले.

तोवर इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीमध्ये त्याचा टीई२० ट्रॅक्टर तयार होत होता. दहा वर्षांत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला, तो याच ट्रॅक्टरवर.

१९५३ मध्ये हॅरीनं आपला धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. किमतीवरून १० लाख डॉलरचा फरक राहिला होता. तो मिटवायला चक्क नाणं उडवलं गेलं आणि हॅरी हरला. पण त्याचं डोकं आता दुसरीकडंच लागलं होतं.

आता गाडीच्या चार चाकांचा नंबर

हॅरीचं म्हणणं असं होतं की, मोटारगाडी मुळातच धोकादायक बनवली जाते. सगळी ताकद दोन चाकांवर टाकायची आणि ओल्या रस्त्यावर ती सांभाळायची जबाबदारी ड्रायव्हरवर सोडायची. ट्रॅक्टरबद्दल त्याचा जो राग होता, तोच इथंही.

त्याच्यासोबत दोन रेसर होते. एक फ्रेडी डिक्सन. दुसरा टोनी रोल्ट. हा रोल्ट भारी माणूस. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कोल्डिट्झ तुरुंगात कैदेत असताना, पळून जाण्यासाठी छतावरच्या खोलीत लपून ग्लायडर बांधणाऱ्यांत हा होता. १९५३ मध्ये यानंच डंकन हॅमिल्टनच्या साथीनं जॅग्वारमधून ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. डिक्सन आणि रोल्ट यांनी चारही चाकांना ताकद देणारी गाडी आधीच बनवून पाहिली होती. १९५० मध्ये हॅरीच्या पैशांवर फर्ग्युसन रिसर्च सुरू झालं. ॲस्टन मार्टिनचा इंजिनिअर क्लॉड हिल पण त्यांना येऊन मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, चारही चाकं फिरवायची तर पुढं एक शाफ्ट टाकायचा, काम झालं. जीपमध्ये तर तेच होतं की. इथंच खरी गोम आहे.

गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान. म्हणजे पुढच्या आणि मागच्या शाफ्टची गती सारखी राहू शकत नाही. दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले तर कोरड्या डांबरी रस्त्यावर त्यांना पीळ बसतो, टायर घासतात आणि शेवटी कुठला तरी गिअर किंवा जॉइंट तुटतो. म्हणून जुन्या जीपमध्ये फोर व्हील ड्राइव्ह फक्त चिखलात टाकायचं असतं.

मग दोन शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल टाकलं तर? वळणाचा प्रश्न सुटतो, पण नवा प्रश्न उभा राहतो. साधं डिफरन्शियल एक चाक घसरायला लागलं की ते नुसतं फिरू देतं आणि बाकीची तीन चाकं बघत बसतात.

फर्ग्युसनच्या टीमनं यातला मधला रस्ता शोधला. मध्ये डिफरन्शियल ठेवायचं, पण त्याला एकाच दिशेनं पकडणारे दोन क्लच जोडायचे. वळणाला लागतो तेवढा गतीतला फरक चालू द्यायचा. फरक त्याच्या पलीकडं गेला, म्हणजे चाक घसरतंय असा अर्थ, की क्लचनं धरून ठेवायचं. ड्रायव्हरला काही दाबायचं नाही, काही ओढायचं नाही. याला नाव पडलं फर्ग्युसन फॉर्म्युला.

यातून आर५ नावाची गाडी तयार झाली. चारही चाकांना ताकद आणि वर विमानांसाठी बनलेली डनलॉपची मॅक्सारेट यंत्रणा, म्हणजे आजच्या एबीएसची आजी. हे सगळं आहे पन्नाशीच्या दशकाच्या शेवटचं. पण गाड्या बनवणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांनी ही कल्पना काही उचलली नाही. महाग पडेल, गिऱ्हाईक मागत नाही, असा सगळा हिशोब.

शर्यतीतून दाखवून द्यायचं ठरलं

मग ठरलं की कंपन्यांचं लक्ष वेधायला रेसिंग कार बनवायची. हा प्रकल्प म्हणजे पी९९.

पण ती धावताना बघायला हॅरी राहिला नाही. २५ ऑक्टोबर १९६० ला इंग्लंडमधल्या घरी त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो शहात्तराव्या वर्षाला टेकला होता.

१९६१ मध्ये पी९९ मैदानात आली. दीड लिटरचं क्लायमॅक्स इंजिन पुढं होतं. तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये इंजिन मागं ठेवायची फॅशन आली होती, त्यामुळं ही गाडी जुनाट दिसायची. ताकद चारही चाकांना जायची. शाफ्टना जागा करायला ड्रायव्हरची सीट एका बाजूला सरकवलेली.

जुलैमध्ये एन्ट्रीला ब्रिटिश ग्रां प्री झाली. जॅक फेअरमननं गाडी सुरू केली, नंतर स्टर्लिंग मॉसनं ती हातात घेतली. पण पिटमध्ये गाडीला धक्का मारून चालू केलं होतं, म्हणून ती बाद झाली.

२३ सप्टेंबर १९६१. ओल्टन पार्क, गोल्ड कपची शर्यत. ट्रॅक ओलसर. बाकीच्यांची मागची चाकं घसरत होती आणि मॉसची पी९९ वळणांतून बाहेर पडताना चारही चाकांनी जमीन धरून पळत होती. मॉस जिंकला, जगज्जेता जॅक ब्रॅबहॅम दुसरा आला. ही शर्यत वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मोजली जात नव्हती. पण फॉर्म्युला वनची शर्यत जिंकणारी फोर व्हील ड्राइव्ह गाडी ही एकच, तिच्या आधीही नाही आणि नंतरही नाही. १९६४ मध्ये पीटर वेस्टबरीनं याच गाडीवर ब्रिटनची हिल क्लाइंब चॅम्पियनशिप पण मारली.

मग फॉर्म्युला वननं ही कल्पना का सोडली?

कारण फुकट काहीच मिळत नाही. जादा शाफ्ट, जादा डिफरन्शियल, जादा जॉइंट म्हणजे जादा वजन. शिवाय इंजिनाची थोडी ताकद वाटेतल्या गिअरमध्येच खर्च होते. १९६९ मध्ये लोटस, मॅट्रा आणि मॅक्लॅरेननं फोर व्हील ड्राइव्ह गाड्या आणल्या. पण तोवर टायर रुंद झाले होते आणि गाडीला जमिनीवर दाबणारे पंख आले होते. पकड तिकडूनच मिळत होती. पुढं १९८३ पासून नियमानंच बंदी आली.

अमेरिकेत तर काळजाला चटका लावणारा किस्सा झाला. १९६७ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये टर्बाइन इंजिनाची गाडी होती आणि चारही चाकांना ताकद देणारी तिची यंत्रणा फर्ग्युसनची. पार्नेली जोन्स २०० पैकी १७१ लॅप पुढं होता. शेवटचे तीन लॅप उरले असताना ट्रान्समिशनमधलं एक बेअरिंग गेलं आणि गाडी थांबली. रिमॅप करून ताकद वाढवणाऱ्यांनी हा किस्सा पाठ करावा. इंजिन कितीही वाढवा, ती ताकद चाकापर्यंत नेणारा प्रत्येक शाफ्ट, जॉइंट आणि बेअरिंग त्या तोलाचं लागतं. सर्वात आधी तुटतो तो दुर्लक्षित पार्ट.

रस्त्यावर मात्र हॅरीचं म्हणणं खरं ठरलं. १९६६ मध्ये जेन्सन एफएफ आली. एफएफ म्हणजे फर्ग्युसन फॉर्म्युला. चारही चाकांना ताकद, त्यातली ३७ टक्के पुढं आणि ६३ टक्के मागं, वर मॅक्सारेट ब्रेक. गाडी अफाट होती, पण महाग होती. शिवाय तिची रचना अशी की स्टिअरिंग डावीकडं नेता येईना, त्यामुळं अमेरिकेचं मार्केट बंद. जेमतेम ३२० गाड्या बनल्या.

पण टोनी रोल्टनं हार मानली नाही. १९७१ मध्ये त्यानं एफएफ डेव्हलपमेंट्स काढली आणि क्लचच्या जागी व्हिस्कस कपलिंग आणलं. घट्ट सिलिकॉन द्रवात चकत्या. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या गतीत फरक वाढला की द्रव तापतो आणि चकत्या एकमेकींना ओढायला लागतात. अमेरिकेच्या एएमसी ईगलमध्ये, फोर्ड सिएरा एक्सआर४×४ मध्ये आणि रॅली गाजवणाऱ्या लान्सिया डेल्टामध्ये हेच तंत्र गेलं.

बाकी हॅरी फर्ग्युसनच्या स्वतःच्या नावाची एकही कार कधी शोरूममध्ये विकायला आली नाही. त्याचं नाव राहिलं ते ट्रॅक्टरच्या बॉनेटवर. पण पावसाळ्यात घाटातल्या वळणावर एखादी ऑल व्हील ड्राइव्ह गाडी न घसरता निघून जाते, तेव्हा तिच्या पोटात फिरणाऱ्या शाफ्टमागं या आयरिश शेतकऱ्याच्या पोराचा हट्ट असतो.