सुभेदार रामजी : पलटणीतले मास्तर



१४ एप्रिलला आपण सगळे बाबासाहेबांच्या मिरवणुकीत असतो. पण ज्या बापाने हे रत्न घडवलं, त्या सुभेदार रामजी मालोजी सकपाळांविषयी आपल्या पोरांना विचारलं, तर नावापलीकडे फारसं सांगता येत नाही. म्हणून विहाराच्या या वर्धापनदिनी आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

रामजींचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील मालोजी फौजेत होते, रामजीही फौजेतच गेले. गावात अस्पृश्याच्या पोराला शाळेची पायरी बंद होती, पण पलटणीत अक्षर शिकायला मिळत होतं. शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी तिथे शाळा असत. रामजी पुण्याच्या फौजी नॉर्मल स्कूलमध्ये शिकून मास्तर झाले. चौदा वर्षं ते फौजी शाळेचे हेडमास्तर होते. सुभेदाराचा हुद्दा मिळाला, पण खरी ओढ खडू-फळ्याची. महूच्या छावणीत १८९१ साली त्यांचं चौदावं अपत्य, भीमराव, जन्माला आलं.

पुढे एकदोन वर्षांतच सरकारने फौजेत महारांची भरती बंद केली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची भाकरी गेली आणि त्याबरोबर पलटणीतली शाळाही गेली. रामजी तेव्हा पेन्शनीत निघाले होते. पण हातपाय गाळून बसले नाहीत. त्यांनी घराचीच शाळा केली. आधी दापोली, मग सातारा. साताऱ्यात भीमाबाई वारल्या. बहीण मीराबाईंनी पोरांना सांभाळलं. रामजी कबीरपंथी, दारूला न शिवणारे. मुलांकडून भजनं म्हणून घ्यायचे आणि तर्खडकरांच्या पुस्तकावरून इंग्रजीचं भाषांतरही करून घ्यायचे.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला, परळच्या डबक चाळीत आलं. एकच खोली. त्यातच चूल, त्यातच बिऱ्हाड. अशी खोली आम्हा गिरणीवाल्यांना वेगळी सांगायला नको. भीमराव लवकर झोपायचे. रामजी मध्यरात्रीनंतर दोनपर्यंत जागायचे, मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि मग त्याच जागेवर स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकाला पैसे नसले तर लग्न झालेल्या लेकींकडून दागिना मागून आणायचे, गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे.

मुलगा परीक्षा पास झाला म्हणून लोकांनी सत्कार ठरवला, तर पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजींनी साफ नकार दिला. केळुसकर गुरुजींनी समजूत घातली तेव्हा ते तयार झाले. त्याच सभेत गुरुजींनी भीमरावांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. आपल्या विहाराचा पहिला चिरा तिथेच बसला, असं आम्ही मानतो.

२ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले. त्याच वर्षी जुलैत भीमराव शिकायला अमेरिकेत पोचले. ते पाहायला बाप नव्हता.

आमच्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले तेव्हा आम्ही डोक्याला हात लावून बसलो. जयंतीच्या वर्गणीला कधी नाही म्हटलं नाही, पण पोराच्या पुस्तकाला मात्र पुढच्या पगाराची वाट पाहायला लावली. ही चूक आमची, आम्ही कबूल करतो. रामजींचीही फौज सुटली होती, पण त्यांनी शाळा सुटू दिली नाही. रात्री दोन वाजता उठवणारा एक बाप आपल्या चाळीतल्या प्रत्येक खोलीत असावा, एवढंच आमचं मागणं.