व्हिन्सेंटचा रस्ता

नेदरलँड्समध्ये आइंडहोवन शहराला लागून न्यूनेन नावाचे एक गाव आहे. तिथे नोव्हेंबर २०१४ मध्ये ६०० मीटरचा एक सायकल-रस्ता खुला झाला. दिवसा उजेड पिऊन घेणारे हजारो खडे त्यात बसवलेत, आणि अंधार पडला की ते हिरवे-निळे चमकतात. मटेरियल कोणते, एवढेच बघायला मी निघालो होतो. पण अडकलो तो ज्याच्या नावाचा हा रस्ता आहे त्या माणसात, व्हिन्सेंट व्हॅन गॉगमध्ये!

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ चा. वडील पाद्री. सोळाव्या वर्षी तो चित्रांच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला लागला. हेग, लंडन, पॅरिस झाले आणि १८७६ मध्ये नोकरी गेली. मग शिक्षक, पुस्तकाच्या दुकानात कारकून, आणि शेवटी बेल्जियममधल्या कोळसा खाणींच्या भागात धर्मप्रचारक. तिथे गडी मजुरांसोबत खाणीत उतरला, अंगावरचे कपडे वाटून टाकले, गवतावर झोपू लागला. वरच्या लोकांना हे काही शोभेसे वाटले नाही. १८७९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. म्हणजे सत्ताविसाव्या वर्षी हातात काय? काहीच नाही. दोन-तीन बॅक लागल्या की आपण होस्टेलच्या गच्चीवर जाऊन बसतो, इथे तर सगळेच पेपर गेलेले! १८८० मध्ये त्याने ठरवले, आता चित्रेच काढायची. पैसे धाकटा भाऊ थिओ पाठवणार. तो ते शेवटपर्यंत पाठवत राहिला.

डिसेंबर १८८३ ते नोव्हेंबर १८८५ तो न्यूनेनला आईवडिलांकडे होता. सायकल-रस्ता ज्या परिसरात आहे तिथल्या पाणचक्क्या त्याने १८८४ मध्ये रंगवल्या. मागावर बसलेले विणकर रंगवले, शेतात वाकलेल्या बायका रंगवल्या. आणि १८८५ मध्ये काढले ते 'बटाटे खाणारे': छताला टांगलेला एक तेलाचा दिवा, त्याखाली पाच माणसे, ज्या हातांनी बटाटे खणले त्याच हातांनी खाताहेत. रंग म्हणाल तर मातीचे, न सोललेल्या बटाट्याचे. आपल्या वऱ्हाडात कंदिलाभोवती जेवलेल्या पिढीला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

गंमत अशी की चमकत्या रस्त्याची नक्षी न्यूनेनच्या एकाही चित्रावरून घेतलेली नाही. डान रोझेगार्ड या डिझायनरने ती 'तारांकित रात्र' या चित्रावरून घेतली. ते चित्र जून १८८९ चे, फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयातले. मधल्या काळात व्हिन्सेंट पॅरिसला गेला, तिथून आर्लला, आणि त्याचे रंग पार उजळले. सप्टेंबर १८८८ मध्ये तर त्याने गॅसच्या दिव्याखाली उभे राहून ऱ्होन नदीवरची रात्र रंगवली. रात्र काळी नसते, तिच्यात दिवसापेक्षा जास्त रंग असतात, हे त्याचे ठाम मत. डिसेंबर १८८८ मध्ये त्याने स्वतःचा कान कापला. लोकांना तेवढेच लक्षात राहते, असो. 'तारांकित रात्र' मात्र त्याने खिडकीतून पाहिलेले आभाळ आठवून दिवसाउजेडी रंगवली. म्हणजे दिवसाचा उजेड वापरून रात्र उजळवायची... फॉस्फर तरी दुसरे काय करतो?

अशा लेपांत साधारणपणे स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असते, त्यात युरोपियम आणि डिस्प्रोसियम किंचित मिसळलेले. उजेडाने उचललेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या सापळ्यांत अडकतात आणि साध्या उष्णतेने हळूहळू सुटत राहतात. त्यांचा उजेड म्हणजे ही चमक. पहिल्या तासात ती झपाट्याने उतरते. न्यूनेनलाही ढगाळ दिवसांसाठी सौरऊर्जेवरचे एलईडी जोडावे लागले. आणि आपल्याकडे? मे महिन्यात आपल्या जुन्या शहरातला रस्ता रात्रीही तापलेला असतो, सापळे लवकर रिकामे व्हायचे. शिवाय या उजेडात खड्डा दिसत नाही, फक्त रस्त्याची कड दिसते. पण कडही काही कमी नाही हो! श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराकडे रात्रभर चालत येणाऱ्या कावडवाल्यांना विचारा. मोठी लाइट डोळे दिपवते, कड मात्र पावलांना पुरते. मला विचाराल तर न्यूनेनच्या रस्त्यावर आभाळातल्या भोवऱ्यांऐवजी त्या तेलाच्या दिव्याचा पिवळा रंग हवा होता.

व्हिन्सेंटची चित्रे तो असताना जवळजवळ विकलीच गेली नाहीत. जुलै १८९० मध्ये पॅरिसजवळच्या ओव्हेरला त्याला गोळी लागली, ती त्याने स्वतःच झाडली असे बहुतेक अभ्यासक मानतात. २९ जुलैला तो गेला, वय ३७. चित्रकार म्हणून मिळाली ती जेमतेम दहा वर्षे, आणि त्यात आठशेवर तैलचित्रे. सहा महिन्यांत थिओही गेला. मागे राहिली थिओची बायको योहाना, वय २८, कडेवर वर्षाचे पोर आणि घरभर कोणाला नको असलेली चित्रे. तिने ती फेकली नाहीत. प्रदर्शने भरवली, मोजकी विकली, बाकीची सांभाळली, आणि १९१४ मध्ये व्हिन्सेंटने थिओला लिहिलेली पत्रे छापून काढली.