गदिमांची गाणी सत्तर वर्षांनंतरही का वाजतात? मॅट्रिक नापास कवीचा प्रवास

निगडी प्राधिकरणातील नाट्यगृहाला ग. दि. माडगूळकर यांचे नाव आहे. उद्योगनगरीत नव्याने राहायला आलेल्या अनेकांना हे नाव ओळखीचे वाटत नाही. गाणी मात्र सगळ्यांना पाठ असतात. गायक आठवतो, संगीतकार आठवतो, लिहिणारा मागे राहतो. म्हणूनच जाणून घेऊया गदिमांविषयी.

कोण होते गदिमा?

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी सांगली जिल्ह्यातील शेटफळे येथे झाला. मूळ गाव माडगूळे. वडील औंध संस्थानात नोकरीला होते. घरची परिस्थिती बेताची होती. शिक्षण औंधला झाले, पण मॅट्रिकला गणिताने दगा दिला आणि शिक्षण थांबले. पोटासाठी त्यांनी कोल्हापूरची चित्रपटसृष्टी गाठली. मास्टर विनायक यांच्या ‘ब्रह्मचारी’ (१९३८) चित्रपटात त्यांना छोटी भूमिका मिळाली. पुढे लेखणीनेच घर चालवले. ‘बनगरवाडी’चे लेखक व्यंकटेश माडगूळकर हे त्यांचे धाकटे बंधू.

कोणती गाणी गाजली?

१९४७च्या ‘रामजोशी’ने त्यांचे नाव झाले. ‘देवबाप्पा’ (१९५३) मधील मोराचे गाणे आजही बालवाडीच्या स्नेहसंमेलनात हमखास असते. त्याचे संगीत पु. ल. देशपांडे यांचे, आवाज आशा भोसले यांचा. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) मधील बुगडीची लावणीही गदिमांचीच. हा चित्रपट पुण्यात सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) मध्ये त्यांनी माणसाच्या आयुष्याला विणलेल्या वस्त्राची उपमा दिली.

व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची (१९५७) कथाही त्यांची. तिच्यामागे आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाचा प्रयोग होता. म्हणजे गदिमांच्याच मुलखातली गोष्ट.

‘गीतरामायण’ कसे घडले?

पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. कल्पना सीताकांत लाड यांची, संगीत सुधीर फडके यांचे. दर आठवड्याला एक नवे गाणे द्यायचे होते. त्या वर्षी अधिक मास आल्याने गाण्यांची संख्या ५६ झाली. चित्रपटांची कामे सांभाळून वर्षभर ही साखळी तुटू द्यायची नव्हती आणि ती तुटली नाही. पुण्याहून पिंपरीकडे येणाऱ्या जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर, वाकडेवाडीतील ‘पंचवटी’ बंगल्यात ही गाणी लिहिली गेली. पुढे हिंदी, कन्नड, तेलुगू, गुजराती, बंगाली अशा भाषांत त्यांचे अनुवाद झाले.

ही गाणी टिकली कशी?

रेडिओवरचे गाणे श्रोत्याला मागे नेऊन पुन्हा ऐकता येत नाही. अर्थ पहिल्याच फटक्यात पोहोचावा लागतो. गदिमांचे शब्द घरातले, शेतातले, ओवी-अभंगातले होते. शिवाय प्रत्येक गाण्यात कोणीतरी ठरावीक माणूस बोलत असतो: मुलासाठी आतुरलेली कौसल्या, हतबल दशरथ, नावाडी गुह. कथा जुनी असली तरी दुःख ओळखीचे वाटते. घर सोडून कामासाठी दूर आलेल्या माणसाला वनवासाची गाणी समजावून सांगावी लागत नाहीत.

शेवट

१९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मॅट्रिकची पायरी हुकलेल्या माणसाला साहित्याने दिलेला हा मान होता. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८. दीडशेहून अधिक मराठी चित्रपटांवर त्यांच्या लेखणीची मोहोर आहे. पुढच्या वेळी मोबाइलवर जुने मराठी गाणे लागले, तर गायकाच्या नावाखालची ओळही वाचा. तिथे बहुधा गदिमा भेटतील.