थिओबाल्ड स्मिथ : रोगाच्या उगमाचा शोधक

अर्धकच्च्या अंड्यांतून माणसाच्या पोटात शिरून ताप, पोटशूळ व अतिसार जडवणाऱ्या जंतूस सॅल्मोनेला म्हणतात. अमेरिकन पशुवैद्य डॅनियल सॅल्मन यांच्या गौरवार्थ १९०० साली हे नाव ठेवण्यात आले. परंतु १८८५ मध्ये डुकरांच्या आतड्यांतून या कुळातील जंतू वेगळा केला, तो सॅल्मन यांच्या हाताखालील एका तरुणाने. त्याचेच चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत.

थिओबाल्ड स्मिथ यांचा जन्म ३१ जुलै १८५९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी गावी झाला. आईबाप जर्मनीहून आलेले. वडील शिंपीकाम करीत. घरची स्थिती बेताची होती. कॉर्नेल विद्यापीठात शिकताना प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवून त्यांनी खर्चास हातभार लावला. १८८३ मध्ये ते वैद्यकीची पदवी मिळवून वॉशिंग्टनला सरकारी नोकरीत शिरले. जंतुशास्त्र शिकवणारे तेथे कोणी नव्हते. कॉख यांचे जर्मन ग्रंथ वाचून ते स्वतःच शिकले.

डुकरांच्या साथीचे कारण हाच जंतू, असे तेव्हा वाटले. पुढे १९०३ च्या सुमारास तो रोग विषाणूजन्य ठरला. पण या कामातून एक मोलाची गोष्ट हाती आली होती. उष्णतेने मारलेले जंतू टोचले असता कबुतरांना त्या जंतूपासून संरक्षण मिळते, हे १८८६ मध्ये सिद्ध झाले. निबंधावर पहिले नाव वरिष्ठांचे होते. स्मिथ यांनी मात्र काम सोडले नाही.

त्या वेळी दक्षिणेकडील गुरे उत्तरेस नेली की तिकडची गुरे तापाने पटापट मरत, आणि आणलेली गुरे मात्र धडधाकट दिसत. गोचिडांमुळे हे घडते, असे गुराखी सांगत. विद्वान ते हसण्यावारी नेत. स्मिथ यांनी तसे केले नाही. १८८९ पासून त्यांनी किलबोर्न यांच्यासह कुंपण घातलेल्या कुरणांत प्रयोग मांडले. एका कुरणात गोचिडांसह गुरे सोडली, दुसऱ्यात हातांनी गोचीड वेचून काढलेली, तर आणखी एकात दक्षिणेचे गुरू न आणता केवळ गोचीड पसरले. जेथे गोचीड होते तेथे ताप आला. जेथे नव्हते तेथे आला नाही. १८९३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. कीटकासारखा क्षुद्र जीव रोगाचा वाहक असू शकतो, हे जगास पटू लागले. चारच वर्षांनी, १८९७ मध्ये, रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी सापडला.

पुढे हार्वर्ड येथे असताना माणसाच्या व गुरांच्या क्षयाचे जंतू निराळे आहेत, हे स्मिथ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. १० डिसेंबर १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. नोबेल पारितोषिक त्यांना लाभले नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने, १९८० नंतरच्या दशकात, अमेरिकेत व ब्रिटनमध्ये अंड्यांतून सॅल्मोनेलाची बाधा वाढली. कवच स्वच्छ, अभंग. मग जंतू आत शिरला कसा? तपासनिसांनी रुग्णाच्या ताटापासून स्वयंपाकघर, तेथून अंड्यांचा व्यापारी, आणि व्यापाऱ्यापासून कोंबड्यांचे खुराडे असा उलटा माग काढला. तेव्हा कळले की, वरून निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंडाशयातच जंतू दडलेला असतो व कवच बनण्यापूर्वीच तो अंड्यात उतरतो. धडधाकट दिसणारी ती दक्षिणेची गुरे येथे कोणास आठवणार नाहीत? ब्रिटनमध्ये पुढे कोंबड्यांना लस टोचण्याची रीत पडली व रुग्णसंख्या झपाट्याने घटली. त्या लसींत मृत जंतूंची लसही होती; कबुतरांवर सिद्ध झालेले तत्त्व असे शंभर वर्षांनी माणसांच्या उपयोगी पडले.

जंतूस नाव दुसऱ्याचे मिळाले. तरी रोगाच्या वाटेने मागे मागे जाऊन त्याचे मूळ गाठावे, ही दृष्टी स्मिथ यांनी दिली. गुराख्याचे बोलणेही कसोटीस लावल्यावाचून टाकून देऊ नये, हा त्यांचा धडा आमच्या विद्यार्थिमित्रांनी मनात बाळगावा. आणि घरी अंडे शिजवताना ते आतपर्यंत घट्ट होऊ द्यावे, एवढे मातोश्रींस अवश्य सांगावे.