मुक्तिसदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई

हैदराबादेहून पुण्यास जाणारी आगगाडी दौंड सोडून पुढे निघाली की केडगाव नावाचे लहानसे स्थानक लागते. तेथील मुक्ति मिशन ही संस्था पंडिता रमाबाईंनी उभारली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले व तीच विद्या मातेने रमाबाईंस दिली. पुढे दुष्काळात आईवडील व थोरली बहीण यांचा अन्नान्न दशेत अंत झाला. १८७८ साली भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. परंतु लवकरच भाऊ वारला आणि १८८२ साली पती बिपिन बिहारी मेधावी यांचेही निधन झाले. पदरी लहानगी मनोरमा होती. तशाही स्थितीत त्याच वर्षी बाईंनी पुण्यास आर्य महिला समाज स्थापिला.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ पासून अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन आणि पुस्तक विकून त्यांनी हिंदी विधवांसाठी निधी जमविला. बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात प्रथम दाखल झालेल्या विधवा गोदूबाई याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

मुलींची मने ख्रिस्ती धर्माकडे वळविली जातात, असा आक्षेप घेऊन १८९३ साली अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही दूर झाले. बाईंनी आपली श्रद्धा लपविली नाही आणि कार्यही सोडले नाही.

१८९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात हिंडल्या व शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर प्रथम तंबू व झोपड्या, मग विहिरी व पक्क्या इमारती झाल्या. १८९९ साली प्रार्थनामंदिराची पायाभरणी झाली. पुढे गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आश्रितांची संख्या दीड हजारांवर गेली. अंध, वृद्ध व पतित स्त्रियांसाठी निराळी सदने निघाली. शेती, विणकाम, छपाई ही कामे मुलीच करीत. दानाच्या पैशावर कायम अवलंबून न राहता प्रत्येकीने स्वतःच्या हातांवर उभे राहावे, हा त्यामागील हेतू होता. आपल्या जुन्या निजाम राज्यातील गुलबर्ग्यासही त्यांनी शाळा काढली व ती मनोरमेकडे सोपविली.

१९२१ साली मनोरमा गेली. मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम रमाबाईंनी अखेरपर्यंत नेटाने केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचा धर्म कोणास पटो वा न पटो. लहानपणी सोसलेली भूक त्या विसरल्या नाहीत, आणि म्हणूनच शेकडो मुली उपासमारीतून वाचल्या.