जॅकी रॉबिन्सन : दुय्यम संघातील ऐतिहासिक मोसम

अमेरिकी बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघाने पाडली, अशी इतिहासात नोंद आहे. मात्र तिला पहिले भगदाड पडले ते वर्षभर आधी, कॅनडातील माँट्रियल रॉयल्स या दुय्यम लीगमधील संघात. ते पाडणारे खेळाडू होते जॅकी रॉबिन्सन.

रॉबिन्सन यांचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील कैरो येथे, बटाईने शेती करणाऱ्या कुटुंबात झाला. वडील घर सोडून गेल्यावर आई मॅली यांनी पाच मुलांसह कॅलिफोर्नियातील पॅसाडेना गाठले आणि लोकांकडे घरकाम करून मुलांना वाढवले. लॉस एंजलिसच्या विद्यापीठात जॅकी यांनी चार खेळांत प्रावीण्य मिळवले. १९४४ मध्ये सैन्यात असताना बसमध्ये मागे जाऊन बसण्यास त्यांनी नकार दिला. त्याबद्दल त्यांच्यावर लष्करी खटला चालला. त्यातून ते निर्दोष सुटले.

अशा मानी खेळाडूकडून डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी ऑगस्ट १९४५ मध्ये एक अवघड वचन घेतले. कितीही अपमान झाला, तरी प्रत्युत्तर द्यायचे नाही. सुमारे सहा दशके व्यावसायिक बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीयांवर अलिखित बंदी होती. हा प्रयोग फसला असता, तर इतरांसाठीही दार बंदच राहिले असते. म्हणून रिकी यांनी त्यांना प्रथम डॉजर्सच्या अखत्यारीतील रॉयल्स संघात पाठवले.

फ्लोरिडातील सराव शिबिरातच कसोटी सुरू झाली. सॅनफर्ड गावातून त्यांना निघून जावे लागले, तर जॅक्सनव्हिलमध्ये मैदानालाच कुलूप ठोकण्यात आले. या साऱ्याला उत्तर मिळाले १८ एप्रिल १९४६ रोजी जर्सी सिटीत. पहिल्याच अधिकृत सामन्यात रॉबिन्सन यांनी चार यशस्वी फटके मारले. त्यांतील एक होमरन होता. रॉयल्सने सामना १४-१ असा जिंकला.

माँट्रियलमध्ये रॉबिन्सन आणि नवपरिणीत पत्नी रेचेल यांना द गास्पे मार्गावर घर मिळाले आणि शेजाऱ्यांचा जिव्हाळाही. मोसमात रॉबिन्सन यांची फलंदाजीची सरासरी .३४९ राहिली. ती लीगमध्ये सर्वोच्च होती. संघाने १०० सामने जिंकले. अंतिम मालिकेत लुइव्हिलच्या प्रेक्षकांनी त्यांची यथेच्छ हुर्यो उडवली. माँट्रियलच्या प्रेक्षकांनी त्याची सव्याज परतफेड पाहुण्या संघाला केली. रॉयल्सने मालिका ४-२ अशी जिंकली, तेव्हा आनंदित जमाव रॉबिन्सन यांच्यामागे रस्त्यावर धावत सुटला. मिसिसिपीचे प्रशिक्षक क्ले हॉपर यांना आरंभी कृष्णवर्णीय खेळाडू नको होता. त्यांनीही मोसम संपताना त्यांचा हात हाती घेतला.

१५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरले. १९४९ मध्ये ते नॅशनल लीगचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले, १९५५ मध्ये जगज्जेत्या संघात होते, तर १९६२ मध्ये त्यांचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. २४ ऑक्टोबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा ४२ हा क्रमांक १९९७ मध्ये सर्व प्रमुख संघांनी निवृत्त केला.

रॉयल्स संघ १९६० च्या मोसमानंतर माँट्रियलमधून हलला. रॉबिन्सन यांचा पुतळा मात्र या शहरात उभा आहे. माँट्रियलने त्यांना केवळ खेळाडू म्हणून जोखले. इतिहास घडण्यास तेवढे पुरेसे ठरले.